चार गिअर मागे, एक पुढे

इंजिन फणसाच्या फांदीला साखळीने लटकत होतं आणि माझा नवरा त्याच्या बरोबर खाली बसून विडी ओढत होता.

“निघा तिथून,” मी म्हटलं. “फांदी तुटली तर चेंदामेंदा मलाच गोळा करायला लागेल.”

“फांदी नाय तुटत.”

“मग साखळी तुटेल.”

“साखळी पण नाय तुटत.”

“मग माझं डोकं तरी फुटेल एक दिवस,” मी म्हटलं आणि चहाचा पेला दगडावर आपटला. अर्धा चहा सांडला. त्याने उरलेला अर्धा प्यायला आणि परत इंजिनाकडे बघत बसला.

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. हरेश्वर. वीस वर्षं लाँचवर इंजिनं सांभाळलेला माणूस. आमच्या आडशेत बंदरात कुठल्या लाँचचं इंजिन खोकतंय ते हा घरात भाकरी खाताखाता सांगायचा आणि ते खरं निघायचं. त्या वेळी, म्हणजे त्र्याण्णव सालच्या पावसाळ्यात, त्याला लाँचवर पाय ठेवून दोन वर्षं झाली होती.

दोन वर्षांपूर्वी त्यांची लाँच उलटली होती. पाच माणसं होती, चार परत आली. हरेश्वर रिकाम्या डिझेलच्या कॅनला धरून अठरा तास पाण्यात होता. परत आला नाही तो धाकू, त्याचा मामेभाऊ. त्यानंतर हरेश्वर समुद्रात गेला नाही. समुद्र सोडा, पुळणीच्या वाळूवरसुद्धा उतरला नाही. आमचं घर पुळणीच्या वरच, पुढच्या पडवीतून सगळं पाणी दिसतं. हा मागच्या दारी बसायचा. लोकांचे पंप, मिक्सर, शिलाई मशिनी दुरुस्त करायचा. गाव आधी हळहळलं, मग कंटाळलं, मग हसायला लागलं. गावाचं तसंच असतं.

जीप माझ्या भावाची. तो मस्कतला गेला तेव्हा ती लहानशी पेट्रोलची जीप माझ्या दारात सोडून गेला, आणि जाताजाता मला चालवायला शिकवून गेला. चारही चाकांना ताकद देणारी गाडी, वाळूत रुतायची नाही. आमच्याकडे जेटी नाही. लाँचा ओहोटीला पाण्याच्या कडेला उभ्या राहतात आणि म्हावरं बायकांनी टोपल्यांतून नाहीतर बैलगाडीने वर आणायचं. मी म्हटलं, हे काम जीप करेल. केलं पण, दोन महिने. मग एक दिवस लाट इंजिनावर उडाली, स्पार्कची वायर भिजली आणि जीप पाण्यात बंद पडली. भरती चढत होती. मच्छीमार सोसायटीच्या चेअरमनच्या जावयाचे बैल जोडून ती बाहेर ओढली आणि ते बघायला सगळं बंदर जमलं होतं.

“पेट्रोलचं असंच,” हरेश्वर मागच्या दारी बसून म्हणाला होता. “त्याला ठिणगी लागते. डिझेलला ठिणगी नको. अर्धं पाण्यात गेलं तरी चालत राहतं.”

तेवढं वाक्य मी धरलं. खोटं कशाला बोलू, मला बंदराचं ते काम हवंच होतं. पण त्याहून जास्त मला दुसरं हवं होतं. जीपमध्ये लाँचचं डिझेल इंजिन बसवलं, तर ते सांभाळायला गावात एकच माणूस होता. आज ना उद्या ते पुळणीवर कुरकुरलं असतं आणि त्याला खाली यावं लागलं असतं. एकदा आला की दुसऱ्यांदा आला असता. मला माझा नवरा मागच्या दारातून पुढच्या दारात आणायचा होता, एवढीच गोष्ट.

इंजिन मिळालं ते मोडीत काढलेल्या एका लाँचचं. दोन इंजिनांची मोठी लाँच होती. दोन्ही इंजिनं काढून एसटीच्या रस्त्याला एका शेडमध्ये ठेवली होती, तिथून समुद्र दिसत नाही, म्हणून हरेश्वर आला. त्याने दोन्ही सुरू करून बघितली. बघितली म्हणजे डोळे मिटून ऐकली.

“उजवीकडचं घेऊ,” तो म्हणाला.

“का?”

“सवयीचं हाय.”

मी बघितलं तर उजवीकडचं तेलाने काळंकुट्ट, आणि डावीकडचं पाहुणीसारखं स्वच्छ. “सवयीचं काय त्यात? डावीकडचं कमी चाललेलं दिसतंय. तेच घ्या.”

त्याने परत डोळे मिटले. “आवाज डाव्याचाच चांगला हाय,” तो म्हणाला. आणि आम्ही डावीकडचं घेतलं.

वीस दिवसांचं काम म्हणाला होता. पन्नास दिवस लागले. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये जोडायला लोखंडाची एक गोल जाड चकती लागते, ती लेथवर कापून आणायची. हा माप कागदावर काढून द्यायचा आणि मी एसटीने तालुक्याला जायचं. पहिली चकती आली, तिचं एक भोक अर्ध्या बोटाने चुकलं. दुसरी आली, भोकं बरोबर पण मधला गाळा लहान. ती परत नेताना मी मांडीवर घेऊन बसले होते तर कंडक्टर म्हणतो, “वहिनी, याचं अर्धं तिकीट पडतं.” मी म्हटलं, “घ्या की, आणि याला खिडकी पण द्या.” हसण्यावारी नेलं, पण घरी येईपर्यंत मांड्या बधिर झाल्या होत्या.

तिसरी चकती बसली. मग इंजिन रेडिएटरला टेकायला लागलं, म्हणून रेडिएटर पुढे सरकवला. मग बॉनेट लागेना. बॉनेट काढूनच टाकलं. मग इंजिनाच्या वजनाने गाडीचं नाक खाली गेलं, म्हणून पुढच्या स्प्रिंगांना जादा पाटे घातले. पाऊस धोधो. वर ताडपत्री बांधली होती ती गळायची, आणि मी तिच्याखाली बॅटरीचा उजेड धरून उभी. एक काम सुधारलं की दुसरं बिघडायचं. मी चिडायचे, पाने फेकायचे, परत उचलून द्यायचे. हरेश्वर एकदाही चिडला नाही आणि त्याचा मला जास्त संताप यायचा. माणसाने चिडावं तरी.

“तुम्हाला काही वाटतं की नाही?” मी एकदा विचारलं.

“काय वाटायचं?”

“अहो, नारळी पुनवेच्या आधी गाडी दाखवायची आहे सोसायटीला. नाहीतर काम बैलगाड्यांना जाणार. परत मागच्या दारी बसायचं आहे का मिक्सर घेऊन?”

“मिक्सर वाईट नाय,” तो म्हणाला.

मी आत जाऊन भांडी घासली. घासलेलीच परत घासली.

पुनवेच्या चार दिवस आधी सगळं जुळलं. मागची चाकं चिऱ्यांवर उचलून ठेवली होती. मी सीटवर बसले, इंजिन सुरू केलं, आणि घराच्या भिंतीवरचं कॅलेंडर हादऱ्याने खाली पडलं. हरेश्वर गाडीखाली झोपून कान देत होता. “घाल पहिला,” तो ओरडला. मी घातला. “चाकं फिरतायत,” तो म्हणाला. “कुठं घासत नाय. दुसरा घाल. हां. झकास.” मी उतरून नारळ फोडला. त्याच्या तोंडाला ऑइल लागलं होतं आणि तो हसत होता. दोन वर्षांत मी त्याला तसं हसताना बघितलं नव्हतं. चाकं फिरतायत एवढं आम्ही दोघांनी बघितलं. कुठल्या बाजूला फिरतायत ते कोणी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओहोटीला परीक्षा. सोसायटीचे चेअरमन मोरेश्वरशेठ पुळणीवर खुर्ची टाकून बसले होते. जावयाच्या बैलगाड्या बाजूला सज्ज. अट अशी की बर्फाच्या बारा लाद्या पाण्याकडे उभ्या असलेल्या लाँचपर्यंत न्यायच्या आणि येताना भिजलेली जाळी भरून वर आणायची, एकाच खेपेत. बैलगाडीला दोन खेपा लागायच्या आणि जाळी आणताना ती मऊ वाळूत हमखास रुतायची.

आमच्या दारातून पुळणीपर्यंत उतार आहे. हरेश्वर म्हणाला, “क्लच नवा हाय, उगाच घासू नको. न्यूट्रलमध्ये सोड.” आमच्याकडे उताराला सगळे गाडी तशीच सोडतात, इंजिन बंद करून. मी तशीच सोडली. झोकात खाली आले, समुद्राकडे तोंड करून थांबले. बर्फ भरायच्या आधी जरा चालवून दाखवावी म्हणून इंजिन सुरू केलं. धूर निघाला, दणका बसला, पोरं टाळ्या वाजवायला लागली. मी पदर खोचला, पहिला गिअर घातला आणि क्लच सोडला.

जीप मागे गेली.

मला वाटलं चुकून रिव्हर्स पडला. थांबले, परत पहिला घातला. परत मागे. दुसरा घातला तर त्याहून जोरात मागे. मोरेश्वरशेठ उठले म्हणून वाचले, त्यांची खुर्ची चाकाखाली गेली. मागे बोंबील वाळवायच्या रिकाम्या काठ्या उभ्या होत्या, त्या एकामागून एक आडव्या झाल्या. मी तिसरा घालायची हिंमत केली नाही. इंजिन बंद केलं.

हसणं कसं असतं ते मला माहीत होतं. पण एवढ्या माणसांचं एका वेळी मी कधी ऐकलं नव्हतं. आणि त्यातून पद्माकर नावाचा एक खलाशी, ज्याला हरेश्वरनेच काम शिकवलं होतं, मोठ्याने म्हणाला, “गाडी धन्यावर गेली रे. समुद्र बघितला की मागं.”

मग तर बायकासुद्धा हसल्या.

मी उतरले आणि उतार चढून घराकडे गेले. चढताना माझे कान तापले होते. हरेश्वर कुंपणाच्या आत उभा होता, समुद्राकडे पाठ करून, भिंतीला हात लावून. मी काही बोलायच्या आधी त्यानेच विचारलं, “मागं गेली ना?”

असं शांतपणे विचारलं त्याने, जसं काही भाजीत मीठ पडलं ना, विचारतोय.

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. त्या दिवशी पहिल्यांदा मी नवऱ्याला अरे-तुरे केलं.

“तुला माहीत होतं?”

“आत्ता आवाजावरून कळलं. इंजिन उलटं फिरतंय. लाँचवर काय फरक पडत नाय, पंखा उलटा लावला की झालं. माझ्या डोक्यातच नाय आलं, द्वारके.”

“वीस वर्षं इंजिनात हात काळे केलेस आणि पुढे कुठलं, मागे कुठलं तेवढं तुला कळेना? पन्नास दिवस मी ते लोखंड मांडीवर घेऊन फिरले. कशासाठी? गाव हसायचं तेव्हा मी कान झाकून घ्यायचे. आज मला कळलं, गाव खरं बोलतं.” खालपर्यंत ऐकू जात असणार, पण मला त्याचं काही नव्हतं. “कामाचा होता तो धाकू बुडाला, आणि हा भित्रा तेवढा परत आला.”

बोलले आणि जीभ चावली, असं सांगायला मला आवडलं असतं. नाही चावली. त्या घटकेला मला बरं वाटलं. साचलेलं पाणी निघून गेल्यासारखं बरं वाटलं.

हरेश्वर माझ्याकडे बघत राहिला. चिडला नाही. म्हणाला, “रिव्हर्स घालून बघितलास?”

“काय?”

“पुढचे चार उलटे झाले तर रिव्हर्स पुढं जाईल. आणि तो गिअर सगळ्यात ताकदीचा असतो. वाळूतून चढायला तोच पायजे.” त्याने चपला घातल्या, कुंपणाचं फाटक उघडलं आणि उतार उतरायला लागला.

तो पायांकडे बघत चालला होता, एकेक पाऊल मोजल्यासारखा. पुळणीवर पाय पडला तेव्हा घोळक्यातलं हसणं थांबलं. पद्माकर बाजूला सरला. हरेश्वर जीपमध्ये बसला, मान वर न करता. रिव्हर्स घातला आणि जीप हळूहळू पुढे सरकली, बैलाच्या चालीने. मग त्याने मागेपुढे करत ती पूर्ण वळवली. आता गाडीचं तोंड गावाकडे आणि ढुंगण समुद्राकडे.

“बर्फ मागं भरा,” तो म्हणाला. “द्वारके, तू मागच्या फळीवर उभी राहा. कुठं न्यायची ते सांगत जा. मी मागं बघणार नाय.”

मला वाटलं, मान अवघडते म्हणून. मी फळीवर चढले. त्याने दुसरा गिअर घातला आणि आम्ही उलटे निघालो. “येऊ दे, येऊ दे, डावीकडे, अजून डावीकडे, बस.” लाँचच्या अगदी अंगाला लागलो. बैलगाडीला तिथे वळायला जागा लागायची, आम्हाला वळायची गरजच नव्हती. बर्फ उतरला, ओली जाळी चढली. चाकाच्या तुंब्यापर्यंत पाणी होतं. एक लाट उडून उघड्या इंजिनावर पडली, वाफ झाली, पण इंजिन धडधडत राहिलं. मग त्याने रिव्हर्स घातला आणि तेवढं वजन घेऊन जीप मऊ वाळूतून चढत वर आली. एकदाही थांबली नाही.

मोरेश्वरशेठ मोडक्या खुर्चीजवळ उभे होते. “चालते खरी,” ते म्हणाले, “पण उलटी.”

“शेठ, बर्फाला काय कळतं,” मी म्हटलं.

काम मिळालं. अर्धं आम्हाला, अर्धं जावयाला, पण मिळालं. हरेश्वर रोज पुळणीवर यायला लागला. मला हवं होतं ते झालं होतं, म्हणजे मी खूश असायला हवी होते. मी खूश नव्हते. कारण ती जीप रस्त्यावर न्यायची म्हणजे माझ्या जिवाला घोर. बर्फाचा कारखाना दीड मैल आत. पुढे जायचं तर चालत जाणारी म्हातारी आमच्या पुढे निघून जायची. वेळ वाचवायचा तर दीड मैल मागे मागे जायचं, मान मोडेपर्यंत वळवून. शाळेची पोरं ओळीने उभी राहून “उलटी जीप आली” म्हणायची. पाहुणे मुद्दाम बघायला यायचे. माझ्या माहेरी बातमी गेली.

दिवाळीच्या सुमाराला तालुक्याचे बशीरभाई मिस्त्री आले. जीपच्या कामातला जाणता माणूस. गाडीखाली दोन मिनिटं डोकं घातलं आणि हसत बाहेर आले. “वहिनी, हे डाव्या बाजूचं इंजिन आहे. दोन इंजिनांच्या लाँचमध्ये दोन्ही एकमेकांच्या उलट फिरतात, लाँच सरळ जावी म्हणून. उजवं घेतलं असतं तर काही झालं नसतं. डावं कोणी निवडलं?”

मी हरेश्वरकडे बघितलं. त्याच्या हातात सांगायची संधी होती. तो म्हणाला, “मीच.”

त्याने खोटं सांगून मला वाचवलं, त्याची मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मी आणखी चिडते, माझा स्वभावच तसा. मी विचारलं, “बशीरभाई, सरळ होईल का ही?”

“होईल की. दोन्ही ॲक्सल काढायचे, उलटे फिरवून बसवायचे. दोन दिवसांचं काम. चार गिअर पुढे, एक मागे, दुनियेसारखी गाडी.”

“नको,” हरेश्वर म्हणाला.

“नको म्हणजे?”

“चालतंय तसंच बरं हाय.”

मी त्या दिवशी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी बोलले. मग आठवडाभर बोलतच राहिले. गोडीने सांगितलं, रागाने सांगितलं, जेवणाचं ताट पुढे सरकवताना सांगितलं. “नको” याच्या पुढे एक शब्द नाही. मला वाटलं, हा माझ्यावर सूड उगवतोय. त्या दिवशी मी बोलले त्याचा सूड. मला गावापुढे अशीच उलटी फिरवणार जन्मभर. शेवटी मी त्याला न विचारता बशीरभाईंना निरोप धाडला, की जॅक आणि पाने घेऊन या.

ते सकाळी आले. हरेश्वर जाऊन जीपच्या सीटवर बसला आणि उतरेना.

“उतरा,” मी म्हटलं.

तो बसून राहिला.

“दादा, ॲक्सल काढताना वर माणूस कसा चालेल,” बशीरभाई म्हणाले. त्यांनी आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघितलं. शहाणा माणूस, म्हणाला, “मी जरा नाक्यावर चहा घेऊन येतो.”

ते गेल्यावर मी जीपच्या दारापाशी जाऊन उभी राहिले. “एकदाच बोला काय ते,” मी म्हटलं. “मी बोलले ते चुकले असेन. पण म्हणून रोज माझं हसं करायचं? काय मिळतं तुम्हाला या उलट्या गाडीत?”

तो स्टिअरिंगकडे बघत होता. “तोंड करून गेलो तर दिसतं,” तो म्हणाला.

“काय दिसतं?”

“पाणी.” “ऐकू येतं ते चालतं, द्वारके. पायाला लागलं तरी चालतं. समोर दिसलं की हात सुटतात.”

“कशावरचे हात?”

“धाकूचा हात माझ्या हातात होता.”

मला समजलं नाही. धाकू लाटेने गेला, कोणालाच दिसला नाही, असं हरेश्वरनेच पोलिसांना सांगितलं होतं, धाकूच्या आईला सांगितलं होतं, मला सांगितलं होतं.

“पहाटेपर्यंत होता,” तो म्हणाला. “एका हातात कॅन, एका हातात तो. दोघं बोलत पण होतो. मग उजाडलं आणि समोरून मोठी लाट येताना दिसली. अंधारात अशा किती आल्या असतील, दिसल्या नव्हत्या. ही दिसली. मी कॅन दोन्ही हातांनी धरला.” त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते, ते तसेच होते. “गेली लाट. तेव्हा तो नव्हता. हात सुटला की मी सोडला, मला अजून कळत नाय. तू म्हणालीस ना त्या दिवशी, कामाचा बुडाला आणि भित्रा परत आला. खरं बोललीस. मी म्हटलं, हिला कसं कळलं.”

मी तिथे उभी होते. मी त्याच्या हातावर हात ठेवायला गेले आणि मला वाटलं, हाताला हात लावावा की नाही. शेवटी लावला. तो गार होता.

बशीरभाई परत आले. मी त्यांना वाटेतच गाठलं. “भाई, नको,” मी म्हटलं. “राहू दे.”

“का वहिनी? मी जॅक घेऊन एवढ्या लांब आलो.”

“तुमचा दिवस वाया घालवला, माफ करा. जेवूनच जा. पण गाडी अशीच राहू दे.”

“लोक हसतात ना?”

“हसू देत. त्यांना दुसरं काम काय आहे?”

त्यांनी मान डोलावली आणि पाने पिशवीत भरले.

त्या संध्याकाळी ओहोटी होती आणि लाँचा आल्या होत्या. पुनवेच्या जवळचे दिवस, पाणी खूप आत गेलेलं आणि येतानाही वेगाने येणारं. आम्ही खाली गेलो तेव्हा भरती लागली होती. एक लाँच बाकीच्यांपेक्षा पुढे, पाण्यात उभी होती आणि तिच्यावर माल होता. हरेश्वरने जीप वळवली, तोंड गावाकडे केलं आणि मान खाली घालून थांबला. मी रोजच्यासारखी फळीवर चढले नाही. मागे जाऊन पाण्यात उतरले, गाडीची कड धरली आणि बरोबर चालायला लागले, त्याच्या आणि समुद्राच्या मधून. इंजिनाच्या आवाजात त्याला माझा आवाज ऐकू यावा म्हणून मोठ्याने सांगत होते. डावीकडे. सरळ. येऊ दे.

“पाणी कुठं आलंय?” त्याने विचारलं.

“लांब आहे अजून,” मी म्हटलं. “येऊ दे.”

पाणी माझ्या मांड्यांपर्यंत आलं होतं.